रकाने कोणी ठरवायचे?

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. त्या सोळाही ठिकाणचा कापसाचा दर, आवक आणि हमीभाव एका जागी दाखवणारी वेबसाइट दोन-तीन जणांनी उभी करायची ठरवली, की कामाआधी वाद सुरू होतो: ग्राफक्यूएल घ्यायचं, की जँगो, रेल्स, लारावेल यांपैकी एखादं फ्रेमवर्क? माझं म्हणणं असं, की इथे प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय, आणि चुकीच्या प्रश्नाचं उत्तर पुढे दोन वर्षं निस्तरावं लागतं. म्हणून निवडीच्या आधी प्रश्न नीट करून घ्या.

सातबारा डोळ्यांपुढे आणा. त्याचे रकाने आधीच ठरलेले असतात. मागणाऱ्याने गाव आणि गट क्रमांक सांगायचा, ठरल्या नमुन्यात उतारा हाती पडतो. सर्व्हरवरच पान तयार करून ब्राउझरला देणारं फ्रेमवर्क असं चालतं. ग्राफक्यूएलमध्ये रकाने मागणारा ठरवतो: नाव नको, क्षेत्र हवं, आणि याच खातेदाराच्या दुसऱ्या गटात काय पेरलंय तेही हवं. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण दप्तर उघडणं, मागणाऱ्याचा अधिकार तपासणं, फेरफार नोंदवणं ही कामं त्या अर्जाच्या भाषेने संपत नाहीत. ग्राफक्यूएलकडे स्वतःचा डेटाबेस नाही, लॉगिन नाही, माहिती भरायचे फॉर्म नाहीत. ते सगळं तुम्हालाच उभारावं लागतं, आणि फ्रेमवर्क नेमकं तेच हातात देतं. तेव्हा ही दोन औजारं एकमेकांच्या जागी बसणारी नव्हेत. गिटहब हा रेल्सवर उभा राहिलेला डोलारा. त्यांनी २०१६ मध्ये ग्राफक्यूएलचा दरवाजा उघडला तो त्याच इमारतीला. रेल्स मोडीत काढलं नाही आणि जुना एपीआयही चालू ठेवला.

कोणतं औजार कुठे जन्मलं हे पाहिलं, की त्याचा स्वभाव कळतो. ग्राफक्यूएल फेसबुकमध्ये २०१२ साली तयार झालं आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यांची न्यूज फीड तोवर सर्व्हरकडून तयार एचटीएमएल म्हणून येत असे. मोबाइलचं स्वतंत्र ॲप करायचं तर तीच माहिती कच्च्या स्वरूपात हवी होती, आणि ॲप बनवणारे व सर्व्हर सांभाळणारे वेगळे होते. एकाने दुसऱ्यासाठी खोळंबू नये, हा त्यातला मोठा फायदा. जँगोचा जन्म मात्र अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या लहानशा शहराच्या स्थानिक वृत्तपत्रात झाला. २००३ पासून तिथल्या मोजक्या प्रोग्रामरांनी बातमीच्या घाईत पानं उभी करता करता ते घडवलं आणि २००५ मध्ये खुलं केलं. मोजकी माणसं, तासांची मुदत, आणि मजकूर भरणारे प्रोग्रामर नसलेले लोक. यवतमाळच्या कापूस दराच्या कामाला यांतलं कोणतं घर जवळचं, हे वेगळं सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. झरी-जामणीकडे नेटवर्क क्षीण असेल, तर लागेल तेवढीच माहिती पाठवणारी भाषा तिथे जास्त उपयोगी नाही का? उत्तर वाहतुकीच्या हिशेबात आहे. ग्राफक्यूएलने उत्तरातले चार रकाने वाचतात हे खरं, पण ते उत्तर पडद्यावर मांडण्यासाठी ब्राउझरला बहुधा जावास्क्रिप्टचं मोठं गाठोडं आधी उतरवून घ्यावं लागतं. सोळा ओळींचा तयार तक्ता त्यापुढे किरकोळ. शिवाय दर सगळ्यांना सारखाच दिसायचा आहे. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याला ८११० आणि मध्यम धाग्याला ७७१० रुपये क्विंटल हा हमीभाव हंगामभर तसाच. बाजारातला दरही क्षणाक्षणाला बदलणारा नाही. असं पान एकदा तयार करून साठवून ठेवता येतं आणि हजारो जणांना तेच देता येतं. ग्राफक्यूएलचे प्रश्न सहसा एकाच पत्त्यावर पोस्ट पद्धतीने जातात, त्यामुळे वाटेतल्या साध्या कॅशेला कोणी काय मागितलं ते ओळखता येत नाही. यावर तोडगा आहे: ठरावीक प्रश्न आधीच नोंदवून ठेवायचे आणि फक्त त्यांनाच परवानगी द्यायची. म्हणजे रकाने पुन्हा आपणच ठरवायचे! फिरून भोपळे चौकात.

खरा धोका मला दिसतो तो मात्र वेगाचा नाही, दाराचा आहे. तालुक्यांची यादी मागितली आणि प्रत्येकाचा दर वेगळा काढला, तर डेटाबेसला एकाऐवजी सतरा फेऱ्या होतात. हा दोष रेल्स-जँगोतही आहे, प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तिथे पान कोणतं ते आधी माहीत असतं, म्हणून एक ओळ बदलून तो कायमचा मिटतो. ग्राफक्यूएलमध्ये पुढचा प्रश्न कोणता येईल हेच ठाऊक नसतं. शेतकरी, त्याची विक्री, विक्रीतला व्यापारी, त्या व्यापाऱ्याच्या सगळ्या विक्री, त्यांतले शेतकरी, अशी साखळी कोणीही वाढवत नेऊ शकतो. लहान सर्व्हर तेवढ्याने आडवा होतो. म्हणून गिटहब प्रत्येक प्रश्नाची किंमत मोजतं आणि साधारण वापरकर्त्याला तासाला ५००० गुणांची मर्यादा घालतं. ते मोजमाप तुम्हाला स्वतः लिहावं किंवा जोडावं लागेल. आणि बँक खाते क्रमांकाचा रकाना? ठरलेल्या पानावर तो छापलाच नाही, तर बाहेर जात नाही. ग्राफक्यूएलच्या आराखड्यात एकदा आला, की त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक वाटेवर पहारा लागतो, आणि एक वाट विसरली तरी पुरते.

नोकरीच्या बाजारात ग्राफक्यूएलला भाव आहे, असं शिकणारी मुलं म्हणतात, आणि ते खोटं नाही. शिका, जरूर शिका. पण डेटाबेसची फेरी, लॉगिन, कॅशे हे आधी कळलं नसेल तर ग्राफक्यूएलमधला बिघाड नक्की कुठे आहे हे सापडत नाही. त्यातली चूक कित्येकदा ‘२००, सर्व ठीक’ असा शिक्का घेऊनच येते. दुसरा आक्षेप उद्याचा: पुढे मोबाइल ॲप आलं, जिनिंगवाल्यांना वेगळा तक्ता हवा झाला, मग? तेव्हा जोडा. जँगोला ग्राफीन, लारावेलला लाइटहाउस अशी तयार जोडणी मिळते, आधीचं काम फुकट जात नाही. फक्त जोडण्याआधी मागणाऱ्यांची यादी करा. दोन वेगळे मागणारे, दोघांचे रकाने खरोखर वेगळे आणि दर महिन्याला बदलणारे, आणि ते बदल करणारी माणसंही वेगळी, एवढं त्या यादीत दिसलं तर खुशाल पुढे जा. यादीत नुसतं ‘भविष्यात लागेल’ एवढंच असेल, तर त्या वेळात आर्णी आणि दिग्रसचे कालचे दर अजून का भरले गेले नाहीत ते आधी बघा.