नट खिशात घालून बाजारात जा

पऱ्हाटीची उलंगवाडी झाली की यवतमाळ जिल्ह्यात हत्यारं घ्यायचे दिवस येतात. मृगाच्या तोंडावर पुसद, वणी किंवा पांढरकवड्याच्या दुकानात उभं राहिलं, तर दुकानदार पुढं सरकवेल तो पाना उचलावा लागतो. कल्टिव्हेटर वावरात खोळंबलेला असतो आणि ड्रायव्हर धुऱ्यावर बसून वाट पाहत असतो. अशा घाईत स्वस्त घेतलं तरी फसगत आणि महाग घेतलं तरी फसगत. म्हणून खरेदी फाल्गुन-चैत्रात करावी; तेव्हा दुकानदारालाही दोन शब्द बोलायला सवड असते.

निघण्याआधी कागद घेऊन बसा. मागच्या हंगामात काय काय मोडलं, सैल झालं, गळलं ते लिहा : फवारणी पंपाची नळी, बंडीच्या चाकाचा बोल्ट, मोटरपंपाची फ्लँज, रोटाव्हेटरची पाती. प्रत्येकापुढं कोणतं हत्यार लागलं आणि वर्षातून किती वेळा, हेही मांडा. महिन्यातून एकदा तरी लागणारं हत्यार विकत घ्यायचं. वर्षातून एकदोनदा लागणारं शेजाऱ्याकडून किंवा भाड्यानं आणायचं. ‘घरी असलेलं बरं’ एवढंच ज्याचं कारण, ते सरळ खोडायचं. व्हिडिओ पाहून केलेल्या यादीतली बरीच नावं इथंच गळतात.

काही कामं लोहाराचीच राहू द्या. वखराची फास घरी ग्राइंडरवर पाजवायचा मोह होतो, पण धार तापून निळी पडली की लोखंडाचं पाणी उतरलं म्हणून समजा. ती धार मग काळ्या मातीत टिकत नाही. विळा, कुऱ्हाड, टिकासही लोहाराकडूनच घ्यावं. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद चिवट असतं, आणि त्याला पाणी नीट दिलं असेल तर चकचकीत रंग मारलेला बाजारातला विळा त्याच्यापुढं टिकत नाही.

आता उरलेल्या प्रत्येक हत्याराला एकच प्रश्न विचारा : हे ऐनवेळी दगा देईल तेव्हा सोबत काय घेऊन जाईल? पाना फाकला तर नटाचे कोपरे जातात, मग तो नट छिन्नीनं फोडावा लागतो; बोटं सोलवटतात ती वेगळीच. हातोडीचं डोकं दांड्यातून निसटलं तर समोरच्याचं कपाळ. ग्राइंडरची चकती फुटली तर डोळा. इथं पैसा घाला. घमेलं, तारेचा ब्रश, हत्यारांची पेटी, ग्रीसचा डबा, मोजायचा टेप हे मोडलं तर तेवढंच मोडतं. यांत स्वस्तातलं स्वस्त घ्यायला हरकत नाही.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण खरी बचत त्यातच आहे : घरातले नट मोजणं. नेहमीच्या मिलिमीटर मापात ८ च्या बोल्टला १३ चा पाना लागतो, १० च्या बोल्टला १७ चा आणि १२ ला १९ चा. नव्या मापाच्या बोल्टांत मात्र १० ला १६ आणि १२ ला १८ लागतो. जुन्या ट्रॅक्टरांवर इंची माप असतं, तिथं गंमत होते. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यावर १९ चा पाना बहुधा चालून जातो. अर्धा इंच म्हणजे १२.७, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की घसरतो आणि डोकं गोल करतो. ‘बोल्टच हलका होता’ म्हणून शिव्या मग बोल्टाला बसतात. तेव्हा सगळे नट मोजा आणि जी पाच-सहा मापं वारंवार येतात तेवढेच पाने चांगल्या प्रतीचे घ्या. पंचवीस पान्यांच्या पेटीतले अठरा गंजत पडतात, हे कुठल्याही गॅरेजमध्ये डोकावून पाहा.

दुकानात जाताना न झिजलेला एकेक नट खिशात ठेवा. पाना त्यावर चढवून हलवून पाहा. किंचित फट चालेल, खुळखुळ चालणार नाही. दुतोंडी पान्याचे दोन्ही जबडे समांतर आहेत का, ते उजेडाकडे धरून बघा. रिंग पान्याच्या आतले कोपरे स्पष्ट हवेत. मुलाम्याचा थर साचून ते बोथट झाले असतील तर ठेवून द्या. पान्यावर माप आणि बनवणाऱ्याचं नाव ठसठशीत उठलेलं असावं. नुसता ‘क्रोम व्हॅनेडियम’ असा शिक्का मात्र कुणीही मारू शकतो, त्यावर भाळू नका. जालंधर, लुधियाना, राजस्थानातलं नागौर ही देशातली हत्यारांची मोठी गावं. टपारियाचा कारखाना तर आपल्याच नाशकात आहे. ओळखीच्या नावाचा सुटा पाना बेनामी पेटीतल्यापेक्षा महाग पडतो, पण यादी आधीच आखूड केल्यामुळं एकूण खर्च तेवढाच येतो.

पक्कड बंद करून उजेडाकडे धरा. कापायच्या धारेतून उजेड दिसला तर ती तार चावेल, कापणार नाही. कागदाची पट्टी कापून पाहा. दुकानदार त्याला नाही म्हणत नाही. हातोडीत दांडा डोक्यातून आरपार आलेला आणि वरून पाचर मारलेली हवी. दोन हातोड्या एकमेकींवर आपटून ‘आवाज’ ऐकणारी गिऱ्हाइकं दिसतात. असं कधी करू नये, कडक तोंडाचा कपचा उडतो.

हॅक्सॉची फ्रेम मजबूत घ्या, कारण पट्टी ताणल्यावर फ्रेमच वाकली तर काप सरळ जात नाही. इंचाला १८ दात जाड सळईला, २४ अँगलला, ३२ पातळ पत्र्याला किंवा पाइपाला. कापायच्या जाडीवर निदान तीन दात टेकले पाहिजेत. पट्टी बायमेटलची घ्या. किंमत जास्त, पण ती लवते आणि साध्या कडक पट्टीसारखी कटकन तुटत नाही.

विजेच्या हत्यारांत आधी ग्राइंडर. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरचा, साध्या स्विचचा आणि ज्याचे कार्बन ब्रश आपल्या तालुक्याच्या गावी मिळतात असा. गार्ड काढून विकत असतील तर दुकान सोडा. खरं लक्ष चकतीकडे हवं. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर बहुधा मुदत संपायचं महिना-साल छापलेलं असतं. रेझिनच्या चकतीची मुदत बनवल्यापासून साधारण तीन वर्षं. स्वस्तात मिळालेला गठ्ठा पुष्कळदा मुदत उलटलेला असतो. चकतीवर कमाल वेगही लिहिलेला असतो, १०० मिलिमीटरला बहुधा मिनिटाला १५,३०० फेरे. यंत्राचा वेग त्याच्या आतच हवा. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला कधीही लावू नये, कुणी कितीही फिरवून दाखवलं तरी. आणि चष्मा त्याच बिलात घ्या.

बॅटरीच्या ड्रिलवर ‘८८ व्होल्ट’ असं काहीबाही छापलेलं दिसतं. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, ओळीनं पाच लावले की १८ होतात. ८८ साठी चोवीस-पंचवीस सेल लागतील, आणि मुठीएवढ्या डब्यात तेवढी जागाच नसते. यंत्र चालतं, पण छापलेल्या आकड्याचे पैसे मोजू नका. शिवाय उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ वर जातो. टिनाच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. वायरचं ड्रिल स्वस्त आणि टिकाऊ.

वेल्डिंग मशीन बहुतेकांना लागत नाही. तरी हौस असेल तर हिशेब करा. ‘२०० अँपिअर’च्या मशीनला चाप (आर्क) साधारण २८ व्होल्टचा, म्हणजे चापातच ५.६ किलोवॅट, यंत्राची घट वेगळी. गावातलं घरगुती कनेक्शन एवढा भार कुठून आणणार? १६ अँपिअरच्या प्लगवर २.५ मिलिमीटरची काडी ८० अँपिअरच्या आसपास चालेल, ती बंडीचा अँगल जोडायला पुरते. त्याहून जड काम असेल तर वेल्डरकडे न्या.

घरात परंपरेनं लोहारकी किंवा सुतारकी असेल, तर खिशात हात घालण्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. तिच्या अठरा व्यवसायांत हे दोन्ही आहेत आणि टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. एका कुटुंबातून एकालाच, म्हणून घरात आधी बोलून घ्या.

बिल पक्कं घ्या, त्यावर हत्याराचं नाव आणि माप लिहून घ्या, आणि बदलून द्यायची मुदत तोंडी विचारून तीही लिहून घ्या. घरी आल्यावर पेटी कोनाड्यात ठेवू नका. ट्रॅक्टरवरचा सगळ्यात घट्ट, गंजलेला नट निवडा, त्यावर आदल्या रात्री थोडं डिझेल सोडा, आणि सकाळी नवा पाना लावून पूर्ण जोर द्या. पान्याचं तोंड फाकलं तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकान गाठा.