फाइलमधले आपले स्थान

कॅसेटच्या टेपरेकॉर्डरवर तीन आकड्यांचा एक लहानसा गणक असे. टेप पुढे सरकली की आकडा वाढे. एखादे गाणे ऐकून झाल्यावर त्याच जागी दुसरे मुद्रित करायचे असले, तर टेप आधी मागे न्यावी लागे. ते विसरून बटण दाबले, की पुढचे गाणे पुसले जाई. सी भाषेत फाइल हाताळताना नेमकी हीच चूक होते.

आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने गुणांची फाइल तयार केली होती. मुले ४८, प्रत्येकाची नोंद ४० बाइटांची. १७ व्या मुलाचे गुण ५४ ऐवजी ४५ लिहिले गेले होते. प्रोग्रॅमने ती नोंद वाचली, गुण बदलले आणि नोंद परत लिहिली. पाहतो तो काय, १७ व्याचे गुण होते तसेच, आणि १८ वा मुलगा यादीतून नाहीसा! त्याच्या जागी १७ व्याचेच नाव दुसऱ्यांदा आलेले. असे का व्हावे?

फाइल वाचण्यासाठी उघडली की तिच्याबरोबर एक आकडा सांभाळला जातो. फाइलच्या आरंभापासून आपण किती बाइट पुढे आहोत, हे तो सांगतो. आरंभी तो शून्य असतो. पहिली नोंद ० पासून, दुसरी ४० पासून, म्हणजेच १७ वी नोंद १६ × ४० = ६४० पासून सुरू होते. ती वाचून होताच आकडा ६८० होतो. तेथे १८ व्या मुलाची नोंद सुरू होते! लिहिणेही त्याच जागेपासून झाले. वाचण्याने स्थान पुढे सरकते, हे आमचा विद्यार्थी विसरला होता.

हा आकडा विचारण्यासाठी ‘एफटेल’ आणि तो बदलण्यासाठी ‘एफसीक’ अशी दोन फंक्शन्स आहेत. एफसीकला अंतर कोठून मोजायचे तेही सांगावे लागते : आरंभापासून, सध्याच्या जागेपासून, की शेवटापासून. आता योग्य क्रम पाहू या.

१. नोंद वाचण्यापूर्वी एफटेलने स्थान टिपून ठेवा (६४०).
२. नोंद वाचा (स्थान ६८०).
३. गुण बदला.
४. एफसीकने टिपलेल्या स्थानी परत या (६४०).
५. नोंद लिहा.

चौथी पायरी आणखी एका कारणाने आवश्यक आहे. एकाच फाइलमध्ये वाचून लगेच लिहायचे असेल, तर मध्ये स्थान ठरविणारे फंक्शन वापरावे, असा सी भाषेचा नियम आहे. तो मोडला तर काय घडेल याची हमी नाही. या वेळी पुढची नोंद पुसली गेली. दुसऱ्या संगणकावर वेगळेच काही होऊ शकेल.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वरील गुणाकाराचा हिशेब द्विमान पद्धतीने उघडलेल्या फाइलसाठी आहे. मजकुराच्या फाइलमध्ये तो फसू शकतो. उदाहरणार्थ, विंडोजवर ओळीचा शेवट दोन बाइटांनी नोंदला जातो, पण प्रोग्रॅमला एकच चिन्ह दिसते. तेथे एफटेलने दिलेला आकडाच एफसीकला परत द्यावा. दुसरे असे, की एफटेलचे उत्तर ‘लाँग’ प्रकारचे असते. जेथे लाँग ३२ बिटांचा आहे, तेथे २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचे स्थान त्यात मावत नाही. एफटेल अयशस्वी झाल्यास उणे १ मिळतो. तेव्हा उत्तर तपासल्याशिवाय वापरू नये. मोठ्या फाइलींची अडचण ओळखून १९८९ च्या अमेरिकी मानकात ‘एफगेटपॉस’ व ‘एफसेटपॉस’ ही जोडी देण्यात आली.

करून पाहा : एफसीकने गुणांच्या फाइलच्या शेवटाशी जा आणि एफटेलला स्थान विचारा. ४८ मुलांसाठी उत्तर १९२० यायला हवे. ते १९१० आले, तर तुम्ही काय अनुमान कराल?