गाडीतला बिनतारी संच

(गाडीत बिनतारी संच कसा बसवावा आणि तो बंद पडल्यास दोष कसा शोधावा, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत नळदुर्ग लागते. या महामार्गावर मालट्रक, टेम्पो आणि पिकअप गाड्या रात्रंदिवस धावत असतात. सोलापूरकडून किल्लारीला जायचे असले, तरी नळदुर्ग आणि उमरगा असाच रस्ता आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील अनेक गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. अशा वेळी डॉक्टर कोठे हवेत, तंबू कोठे हवेत, हे कळल्याशिवाय मदत योग्य ठिकाणी पोचत नाही. तेव्हा हौशी बिनतारी चालक आपापले संच घेऊन मदतीला आले आणि त्यांनी निरोप पोचवण्याचे काम केले. या चालकांना ‘हॅम’ म्हणतात. हॅम होण्यासाठी सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो.

तुम्ही म्हणाल, “आता तर घरोघरी मोबाइल आहेत!” खरे आहे. पण मोबाइलला मनोरा लागतो आणि मनोऱ्याला वीज लागते. मनोरा बंद पडला, की हातातला मोबाइल मुका होतो. बिनतारी संचाला मनोरा लागत नाही. एका गाडीतला आवाज हवेतून सरळ दुसऱ्या गाडीत पोचतो.

गाडीत बसवण्याचा एक साधा संच म्हणजे सी. बी. रेडिओ. तो सुमारे २७ मेगाहर्ट्झवर चालतो. भारतात २००५ च्या नियमांनुसार ठरावीक पट्ट्यात, ५ वॅटपर्यंतच्या शक्तीचा संच परवान्याशिवाय वापरता येतो. आपल्याकडे तो फारसा दिसत नाही. अमेरिकेतील ट्रकचालकांमध्ये मात्र तो फार लोकप्रिय झाला. त्याचा आवाज काही किलोमीटरपर्यंत पोचतो. उंचावरून तो दूर जातो आणि खोलगट जागेत अडतो.

आता हा संच पिकअप गाडीत कसा बसवतात ते पाहू. आधी बॅटरी किती व्होल्टची आहे ते बघा. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि संचही १२ व्होल्टवर चालतो. मोठ्या ट्रकमध्ये पुष्कळदा २४ व्होल्ट असतात. तेथे संच सरळ जोडला तर तो जळून जाईल.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या ऋण टोकाची वायर काढून ठेवा. संच चालकाचा हात पोचेल, पण पाय आणि गिअर अडणार नाहीत, अशा जागी घट्ट बसवा. संचाची लाल वायर बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी वायर ऋण टोकाला जोडा. लाल वायरमध्ये बॅटरीच्या जवळच फ्यूज बसवा. वायर कोठे घासून तिचे तांबे गाडीच्या पत्र्याला लागले, तर फ्यूज उडतो आणि आग लागण्याचा धोका टळतो. सर्व जोडण्या झाल्यावर काढलेली वायर पुन्हा बसवा.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे एरियल. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. तिच्या चौथ्या भागाएवढे, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटरचे एरियल चांगले काम करते. गाडीवर एवढी लांब काठी अडचणीची होते. म्हणून तारेचे वेटोळे घातलेले आखूड एरियल वापरतात. ते टपाच्या मधोमध बसवावे. खालचा लोखंडी पत्राही एरियलच्या कामात भाग घेतो. त्यासाठी एरियलचा पाया गाडीच्या धातूला नीट जोडलेला हवा. मध्ये रंग किंवा गंज राहू देऊ नका.

तुम्ही नळदुर्गचा किल्ला पाहिला आहे का? दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, इ. स. १६१३ मध्ये, तेथे बोरी नदीवर बंधारा आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली, की बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात. पाण्याला वाट आहे, म्हणून ते पुढे जाते. वाट बंद केली, तर ते मागे फुगेल. संचाचेही तसेच आहे. एरियल ठीक असेल, तर शक्ती हवेत जाते. एरियल तुटले असेल किंवा जोडलेच नसेल, तर ती संचाकडे परत येते आणि आतले भाग जाळते. म्हणून एरियल न जोडता बोलण्याचे बटण कधीही दाबू नका.

किती शक्ती परत येते, हे मोजायला एक मीटर मिळतो. त्याचा आकडा दीडच्या आत असावा. तीनच्या वर गेला, तर बोलणे थांबवा आणि एरियल व केबल तपासा.

संच बंद पडला, की पुष्कळजण लगेच पेचकस घेऊन तो उघडतात. तसे करू नका. दोष बहुधा बाहेरच असतो. तो क्रमाने शोधा.

१. संच सुरूच होत नाही : आधी फ्यूज पाहा. मग बॅटरीची टोके स्वच्छ आणि घट्ट आहेत का ते बघा. नवा फ्यूजही उडाला, तर वायर कोठे घासली आहे ते शोधा. फ्यूजच्या जागी जाड तार कधीही घालू नका.

२. ऐकू येते, पण आपले बोलणे पोचत नाही : माइकची वायर तपासा. सतत ओढली गेल्याने ती आतून तुटते.

३. दोन्ही बाजूंनी आवाज क्षीण आहे : एरियलची केबल दारात चेमटली आहे का, तिच्या जोडात पाणी शिरले आहे का, ते पाहा.

४. इंजिनाबरोबर कमीजास्त होणारी शिट्टी येते : इंजिन बंद करा. शिट्टी थांबली, तर ती गाडीच्या अल्टरनेटरची आहे. संचाला वीज सरळ बॅटरीवरून दिली आहे ना, ते तपासा.

बोलण्याचीही एक रीत आहे. एका वेळी एकानेच बोलावे. बटण दाबून ठेवले, तर दुसऱ्याचे ऐकू येत नाही. आपले बोलणे थोडक्यात सांगावे, बटण सोडावे आणि ऐकावे. वाटेत अपघात झाला असेल, तर आधी ठिकाण सांगावे. बोलणे मध्येच तुटले, तरी मदत कोठे धाडायची ते कळते.

मित्रांनो, संकट आपल्याला विचारून येत नाही. म्हणून संच दर महिन्याला एकदा सुरू करून पाहावा. एवढासा फ्यूज आणि दोन घट्ट जोड यांच्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो.

शब्दार्थ
बिनतारी – तारेशिवाय चालणारा
जमीनदोस्त होणे – पूर्णपणे कोसळणे
क्षीण – अगदी कमी, अशक्त
चेमटणे – दाबले जाऊन चपटे होणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लाल वायर बॅटरीच्या कोणत्या टोकाला जोडतात?
(आ) अपघाताचा निरोप देताना आधी काय सांगावे?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) एरियल न जोडता बोलण्याचे बटण दाबू नये.
(आ) फ्यूजच्या जागी जाड तार घालू नये.
प्र. ३. तुमच्या गावात पूर आला आणि मोबाइल बंद पडले, तर निरोप कसे पोचवाल? पाच-सहा वाक्ये लिहा.