रासायनिक अस्त्रांचे रुग्ण : बारी बंदराचा धडा

रासायनिक अस्त्राने बाधित झालेल्या सैनिकाच्या अंगावरील विषारी द्रव्य त्वरित दूर करणे, हा पहिला उपचार होय. त्यासाठी द्रव्य कोणते, हे वैद्यकीय पथकास वेळीच कळावे लागते.

२ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तेथील ‘जॉन हार्वे’ या अमेरिकन जहाजावर मस्टर्ड वायूचे सुमारे २,००० बॉम्ब होते. मात्र ही बाब गुप्त राखण्यात आली होती. जहाज नष्ट होऊन मस्टर्ड द्रव्य पाण्यावरील तेलात मिसळले. डॉक्टरांना त्याची कल्पना नव्हती. तेलाने माखलेल्या अनेक खलाशांना ओल्या कपड्यांसह ब्लँकेटांत गुंडाळण्यात आले. मस्टर्डची लक्षणे काही तासांनी दिसतात. तोवर विष त्वचेत भिनले होते. सहाशेहून अधिक सैनिक व खलाशी बाधित झाले. त्यांपैकी ८३ दगावले. तपासाअंती लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट अलेक्झांडर या वैद्यकीय अधिकाऱ्याने मस्टर्डचे निदान केले.

दूषित कपडे उतरविणे, साबण-पाण्याने अंग धुणे आणि परिचारकांना संरक्षक पोशाख देणे, हे उपाय साधे आहेत. परंतु साठ्याची माहिती रुग्णालयापासून दडविली गेल्यास साधे पाणीही वेळेवर उपयोगी पडत नाही. वैद्यकीय सज्जतेचा आरंभ या माहितीपासूनच व्हावयास हवा.