पावसाळ्यातली खाज: इंजेक्शनाआधी पंखा

घोडा विकत घ्यायला लोक मार्गशीर्षात बाहेर पडतात. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते, तापीकाठी घोड्यांच्या रांगा लागतात, आणि थंडीने दाटलेल्या केसांवर खरारा फिरला की कुठलाही घोडा देखणा दिसतो. पावसाळ्यात अंगाची सालं काढणारी खाज त्या दिवसांत झोपलेली असते. म्हणून आयाळ हाताने उलटून मुळाशी बघा. केस तुटलेले, कातडी जाड आणि सुरकुतलेली असेल, शेपटीचा बुडखा विरळ असेल, तर गेल्या आषाढातला फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर पुढचा घोडा बघा.

आमची कुमैत रंगाची मारवाडी घोडी थंडीतच आली. राजस्थानच्या कोरड्या भागातून ती मावळात, भातखाचरांच्या मधोमध असलेल्या आमच्या तबेल्यात पोचली. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी मृगाचा पाऊस पडून गेला आणि ती खांबाला मान घासू लागली. श्रावणापर्यंत आयाळ झिजलेल्या केरसुणीसारखी झाली होती, शेपटीच्या बुडख्यातून रक्त येत होतं, आणि खोगीर ठेवायला गेलं की ती चावायला धावायची. विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे तिला हा त्रास झालाही नसेल.

हा आजार एका चिलटाचा. शास्त्रीय नाव क्युलिकॉइडीस, लांबी 1 ते 3 मिलिमीटर, डासाहून कितीतरी बारीक. मादी रक्त पिते आणि तिच्या लाळेची काही घोड्यांना ॲलर्जी असते. शेजारी बांधलेल्या घोड्याला तीच चिलटं चावतात आणि त्याला काहीही होत नाही, म्हणून मालकाला चिलटांचा संशयच येत नाही. इंग्रजीत याला स्वीट इच म्हणतात, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड इच. आइसलँडमध्ये ही चिलटं जवळजवळ नव्हतीच. तिथे वाढलेले घोडे मोठेपणी युरोपच्या मुख्य भूमीवर नेले की त्यांच्यात हा आजार खूप दिसतो. त्याच जातीचे पण मुख्य भूमीवर जन्मलेले घोडे त्यामानाने सुटतात. कोरड्या मुलखातला घोडा ओल्या मुलखात आणताना हे लक्षात ठेवावं. आपल्या धनगरांना चिलटांची ही जातकुळी वेगळ्या कारणाने माहीत आहे: मेंढ्यांतला नीलजिव्हा रोग तीच पसरवतात.

गावात उपाय सांगणाऱ्यांची कमी नसते. गंधक घातलेलं जळकं ऑईल हा त्यातला सर्वांत लाडका. ते आम्ही लावलं नाही, कारण एका ओळखीच्या तबेल्यात ते लावलेल्या घोड्याची पाठ सोललेली पाहिली होती. इंजिनातून निघालेल्या तेलात धातूंचे अंश आणि नाना घातक रसायनं असतात; घोडा ते चाटतोसुद्धा. मग एक जण इंजेक्शन देऊन गेला. पदवी कसली होती कोण जाणे, पण गुण असा आला की संध्याकाळी घोडी शांत उभी राहून चंदी खात होती. खाज परतली की तो परत यायचा. कुप्पीवरचं नाव कोणाला दिसलं नाही. भाद्रपदात एका सकाळी घोडी पुढचे पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती आणि जागची हलेना.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी खुराला हात लावला तर तो गरम. खुराच्या आतल्या थराचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस. इंजेक्शन स्टेरॉइडचं निघालं. यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण स्टेरॉइडच्या वारंवार डोसांनी घोड्यात हा धोका असतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घोडी वाचली, तिच्या पाठीवर मुलं बसली ती थेट पुढच्या उन्हाळ्यात. स्टेरॉइड वाईट नाही. खाज हाताबाहेर गेली तर थोड्या दिवसांसाठी, वजन पाहून, उतरत्या मात्रेत डॉक्टर ते देतातच. पण कुप्पीवरचं नाव वाचल्याशिवाय घोड्याला सुई लावू देऊ नका. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांवरही भिस्त ठेवू नका, घोड्यात त्यांचा गुण बेताचाच येतो.

खरा फरक पडला तो पंख्याने. हे चिलट उडण्यात फार दुबळं. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वाऱ्यातही त्याचा निभाव लागत नाही. घोडीच्या पाठीच्या उंचीवर वारा लागेल असा मोठा पंखा भिंतीला लावला, वायर पाइपमधून, तिचं तोंड पोचणार नाही अशी नेली. चिलटांचा जोर पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणून सूर्य मावळायच्या बराच आधी ती आत येते आणि सकाळी ऊन चढल्यावर बाहेर जाते. पूर्वी आम्ही उलट करत असू, उन्हाचा त्रास नको म्हणून संध्याकाळी चरायला सोडत असू. वेळ बदलायला पैसा लागत नाही, फक्त मोतद्दाराचा दिनक्रम बदलावा लागतो, आणि ते पंखा लावण्यापेक्षा अवघड निघालं.

मच्छरदाणीच्या जाळीतून चिलट सहज आत येतं. घट्ट विणीचं पातळ कापड लागतं. आमची झूल घरीच शिवलेली आहे: मानेवरून आयाळ झाकणारी, पोटाखाली पट्टा असलेली, कारण पोटाच्या मधल्या रेषेवरही चिलटं बसतात. भिजली की लगेच बदलायची, नाहीतर खाजेच्या जागी ओलीचे फोड येतात. उकिरडा तबेल्यापासून लांब नेला आणि पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल मुरूम टाकून बुजवला, कारण अळ्या ओल्या शेणा-चिखलातच वाढतात. निंबाच्या पाल्याच्या धुरीला माझा विरोध आहे. बंद तबेल्यात रोज धूर कोंडला तर खाज थांबेल न थांबेल, खोकला मात्र मागे लागेल. अंगावर मारायचं परमेथ्रिनसारखं औषध डॉक्टरांच्या प्रमाणानेच मारावं. तबेल्यात मांजर असेल तर तिला लांब ठेवावं, तिच्यासाठी ते विष आहे. जवसाने कातडीला तकाकी येते, चिलटं थांबत नाहीत.

हे सगळं चिलटाच्या खाजेला. प्रत्येक खाज चिलटाची नसते, आणि इथेच लोक वर्ष वाया घालवतात. नुसतं शेपटीचं बूड घासत असेल तर जंत आधी आठवा: एका जातीच्या जंताची मादी गुदद्वाराभोवती अंडी घालते. सकाळी धुण्याआधी तिथे सेलोटेप दाबून ती काचपट्टीवर डॉक्टरांकडे न्यावी. ऐन थंडीत खाज सुटली तर उवा शोधाव्या. रात्री पाय आपटत असेल, घोट्याजवळ खपल्या असतील, तर खरजेचा किडा. गोल चट्टे पडून केस गेले तर गजकर्ण, ते माणसालाही होतं. खरारा आणि झूल दुसऱ्या घोड्याला वापरू नका. स्टेरॉइडने ते आणखी पसरतं. जखम पावसाळ्यात चिघळून दाणेदार होते आणि थंडीत बसते, ती बरसाती; माश्या जखमेत जंताच्या अळ्या सोडतात, त्यामुळे नुसत्या मलमाने ती हटत नाही. आणि पायावर गाठींची माळ, त्या फुटून पू, नाकातून चिकट स्राव असं दिसलं तर ॲलर्जी म्हणत बसू नका. तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसाला होतो, आणि संशय आला तरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

अंगावर एकाएकी गांधी उठल्या तर गेल्या दोन दिवसांत काय बदललं ते आठवा: नवी चंदी, नवं औषध, नवा साबण. आमच्या दुसऱ्या घोड्याच्या तोंडाभोवतीची लाली गाजर गवताची निघाली. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलेलं हे तण आता प्रत्येक बांधावर आहे. फुलायच्या आत ते मुळासकट उपटावं, हातमोजे घालून.

पंखा, झूल आणि बदललेल्या वेळा यांवर आमच्या घोडीचे पावसाळे आता निघतात. आयाळ पूर्वीइतकी दाट आली नाही, पण रक्त येत नाही. आजार बरा होत नाही. एकदा धरला की दर पावसाळ्यात डोकं वर काढतो, आणि दुर्लक्ष केलं तर वयाबरोबर वाढतो. म्हणून तयारी पहिली चिलटं दिसायच्या आधी, रोहिणी नक्षत्रातच करावी. तिच्या देखणेपणावर भाळून शिंगरासाठी विचारणारे येतात. आम्ही नकार देतो, कारण ही ॲलर्जी आईबापांकडून पुढच्या पिढीत उतरते. तुमच्या घोडीला किंवा वळू घोड्याला ही खाज असेल तर कृपा करून त्यांची पैदास करू नका.