मॉरिशस बेटांतील पाण्याची टंचाई

चोहोंकडे समुद्र, वर्षाकाठीं सरासरी सुमारें २,००० मिलिमीटर पाऊस, आणि तरीही कोरड्या महिन्यांत नळास दिवसांतून कांहीं तासच पाणी! हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटाची ही स्थिति ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतून तेथील उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही त्या बेटांत राहतात. तेव्हां हा प्रश्न आपणांस अगदींच परका नव्हे.

प्रथम पाऊस कोठें पडतो तें पाहूं. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर चढतात, थंड होतात व आपली वाफ तेथेंच टाकतात. म्हणून पठारावर ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो, तर पश्चिम किनाऱ्यास जेमतेम ९००. (ज्यांनीं सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा पाऊस पाहिला आहे, त्यांस हें अधिक सांगणें नको.) पठारावरील मार-ओ-व्हाकोआ हा १८८५ सालचा तलाव बेटांत सर्वांत मोठा असून त्यांत सुमारें २ कोटी ५९ लाख घनमीटर पाणी मावतें.

हे तलाव भरतात ते मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल ह्या तेथील उन्हाळ्यांत, व त्यांतही चक्रीवादळांच्या पावसानें. ज्या वादळांची लोक धास्ती घेतात, तींच न फिरकलीं तर तलाव रिते राहतात. १९९८-९९ मध्यें पर्जन्य असाच रुसला. १९९८ सालीं साखर सुमारें ६ लाख २९ हजार टन झाली होती. ती १९९९ सालीं ३ लाख ७३ हजार टनांवर आली.

१९५० नंतरच्या दशकाशीं तुलना करतां बेटावरील पाऊस सुमारें ८ टक्क्यांनीं घटला आहे. घट अल्प दिसते. परंतु उन्हाळी पाऊस उशिरां सुरू होऊं लागल्यानें कोरडा काळ लांबतो. शिवाय जो पाऊस एकदम कोसळतो, तो उतारावरून थोड्याच तासांत समुद्रास मिळतो, जमिनींत मुरत नाहीं. नळाचें निम्में पाणी भूगर्भांतून येतें, आणि जुन्या नळांतून अर्ध्याहून अधिक पाणी वाटेंतच हरवतें. ही गळती थांबविणें आम्हांस नव्या धरणांहूनही निकडीचें वाटतें. कारण किनाऱ्यालगत भूजलाचा उपसा वाढला कीं समुद्राचें पाणी आंत शिरतें, आणि एकदां खारट झालेली विहीर गोडी होण्यास अनेक वर्षें लागतात.