भूकंपग्रस्तांच्या सेवेसाठी स्वयंपूर्ण वाहनाची सिद्धता

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात, की जनपदोद्ध्वंस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. सुश्रुताने तर पूर्वतयारीसाठी ‘अग्रोपहरणीय’ हा स्वतंत्र अध्यायच दिला आहे. हे अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी वाचले. त्यांचा खरा अर्थ आम्हास कच्छमध्ये समजला, तोही काहीशा लज्जास्पद रीतीने.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८.४६ वाजता कच्छ हादरले, त्या वेळी आम्ही बी.ए.एम.एस.च्या अंतिम वर्षात शिकत होतो. तिसऱ्या दिवशी सहा जण पुण्याहून जीप घेऊन निघालो. औषधे खच्चून भरली होती. पाण्याचा मात्र वीस लिटरचा एकच कॅन. भचाऊच्या अलीकडील एका वस्तीवर पोहोचेपर्यंत तो रिकामा झाला आणि डिझेलचा काटाही तळाला टेकला. ज्यांच्या सेवेस गेलो, त्यांच्याच टँकरच्या रांगेत आम्ही कॅन घेऊन उभे राहिलो. एका वृद्धेने पाहुणे म्हणून आम्हास पुढे जाऊ दिले. आसवारिष्टांच्या निम्म्या बाटल्या वाटेतच फुटून कापूस व बंधनपट्ट्या भिजल्या होत्या, ही गोष्ट वेगळीच.

तेव्हापासून आमच्या वाहनाचा हिशेब पाण्यापासून सुरू होतो. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज पाच लिटर धरल्यास सहा जणांना पाच दिवसांसाठी १५० लिटर लागते, म्हणजेच १५० किलो वजन. व्रणप्रक्षालनासाठी उकळून गार केलेले ४० लिटर पाणी निराळे. एवढा भार जीपला पेलत नसेल तर दोन माणसे घरी ठेवावीत, पाणी कमी करू नये. उत्साही मित्रास ‘तू येऊ नकोस’ असे सांगणे हाच या तयारीतील सर्वांत कठीण भाग होय. पाण्याचे कॅन तळाशी, दोन्ही चाकांच्या मधोमध दोराने आवळून ठेवावेत. टपावर केवळ ताडपत्री व अंथरुणे.

इंधनाचे गणितही आधीच मांडावे. ६० लिटरची टाकी आणि भारासह लिटरला दहा किलोमीटर धरले, तर पल्ला ६०० किलोमीटरचा. अहमदाबाद ते भूज जाऊन-येऊनच साडेसहाशेच्या आसपास होतात. गावोगावचे फिरणे वेगळे. म्हणून खात्रीच्या शेवटच्या पंपावर टाकी काठोकाठ भरावी. वीस लिटर डिझेलचे दोन लोखंडी कॅन बरोबर असावेत, मात्र ते माणसे बसतात तेथे कदापि ठेवू नयेत. ढिगाऱ्यातील खिळे व सळया चाकांत शिरतात, तेव्हा दोन जादा चाके, पंप, पहार, फावडे आणि भुसभुशीत जमिनीवर जॅकखाली घालण्यास जाड फळी हवी.

औषधांत काच नको. वटी, चूर्णे व गुग्गुळकल्प घट्ट झाकणाच्या डब्यांत न्यावेत. पहिल्या दिवसांत अभिघात व सद्योव्रण. पुढे धुळीचा कास, अतिसार आणि निद्रानाश. त्यानुसार जात्यादि तैल, लाक्षादि गुग्गुळ, सितोपलादि चूर्ण, कुटजघन व संजीवनी वटी पुरेशी होतात. त्याहून अधिक उपयोग मात्र निर्जंतुक गॉज, बांबूच्या कांब्या, रुंद पट्ट्या आणि ओ.आर.एस.च्या पाकिटांचा होतो. पन्नास कल्पांचे प्रदर्शन मांडून काहीच साधत नाही.

आपल्या मर्यादाही वाहनातच लिहून लावाव्यात. ज्याचा हात वा पाय कित्येक तास ढिगाऱ्याखाली चिरडला गेला, तो बोलत असला तरी सुरक्षित नसतो. दाब सुटताच स्नायूंतील पोटॅशियम व अन्य द्रव्ये रक्तात मिसळून हृदय व वृक्क बंद पडू शकतात. अशा रुग्णास शिरेतून सलाइन हवे, तेही शक्यतो बाहेर काढण्यापूर्वीच. त्यास नारळपाणी किंवा ओ.आर.एस. देऊ नये, कारण दोहोंत पोटॅशियम असते. सुजलेल्या अवयवास अभ्यंगही नको. आत भग्न असू शकते. तत्काळ रुग्णालयात पाठवावे. धनुर्वाताची लस शीतसाखळीत ठेवावी लागते, म्हणून ती शासकीय पथकाकडूनच देववावी.

निघण्यापूर्वी जिल्हा नियंत्रण कक्षाकडून गाव नेमून घ्यावे. वाहन भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी उभे करावे व तेथेच झोपावे, कारण मागाहूनचे धक्के दिवसचे दिवस बसत राहतात. आहार शक्यतो चूल न पेटवता भागेल असा, म्हणजे दशम्या, मेतकूट-पोहे, गूळ-शेंगदाणे. शौचासाठी खड्डा फावड्याने आपणच खणावा व बुजवावा. वापरलेल्या पट्ट्या, सुया व इतर कचरा झाकणाच्या डब्यांतून परत आणावा.

वाहन बहुधा कोणाचे तरी रोजच्या वापराचेच असते, ते वर्षभर अडकवून ठेवता येत नाही. म्हणून आम्ही सामानाच्या सहा पेट्या दवाखान्याच्या माळ्यावर ठेवल्या आहेत. गुढीपाडवा व धन्वंतरी जयंती या दोन दिवशी त्या उघडतो, जुनी चूर्णे काढून नवी भरतो, बॅटरीचे सेल बदलतो आणि एकदा सर्व पेट्या जीपमध्ये चढवून पाहतो. गेल्या खेपेस चढविण्यास चाळीस मिनिटे लागली.